दिवेलागणीला फोन कुठे असतो?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण सगळे आठवणींत रमलो आहोत. प्रार्थनेच्या रांगा, सरांची छडी, मधल्या सुट्टीतली बोरं आणि चिंचा, हे सगळं माझ्याआधी बोललेल्यांनी फार छान सांगितलं. त्यामुळे संयोजकांनी मला "तू कशावर बोलणार?" असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, आठवणी तुम्ही सांगा, मी लेकरांबद्दल बोलते. आपण आता पंचेचाळीशी ओलांडली. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं आज नेमकी त्या वयात आहेत, ज्या वयात आपण या पटांगणात होतो. मी बावीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आहे. तुमच्या घरात रात्री जे चालतं, त्याचा पुढचा भाग मला सकाळी पहिल्या तासाला वर्गात दिसतो.

विषय मोबाईलचा आहे. मागच्या रांगेत दोघांनी आत्ता फोन खिशात घातले, त्यांचे आभार.

एक गोष्ट आधीच सांगते. मी फोनच्या विरोधात बोलायला उभी नाही. हा मेळावा फोनमुळेच जमला. तीस वर्षं ज्यांचा पत्ता नव्हता ती माणसं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सापडली. कोणी पुण्यात, कोणी सोलापुरात, कोणी हैदराबादेत, आणि लग्न होऊन आडनाव बदललेल्या आम्ही मुली तर फोनशिवाय सापडल्याच नसतो. पहाटे पाच वाजता फुलांचे फोटो पाठवणाऱ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, पण ते जेवताना सांगेन.

प्रश्न असा आहे की तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या हातात हाच फोन गेला की वेगळं काय होतं?

आपल्या वेळी मोह नव्हते असं कोणी म्हणू नये. रविवारी सकाळी महाभारत लागायचं तेव्हा गल्लीत चिटपाखरू नसायचं. गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे बघायचो. सर, आज सांगायला हरकत नाही, दुसऱ्या दिवशी तुमच्या तासाला अर्धा वर्ग झोपलेला असायचा. पण त्या प्रत्येक गोष्टीला शेवट होता. महाभारत संपलं की पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहायची. कॅसेट संपायची. वीज जायची. अंधार पडला की चेंडू दिसायचा नाही आणि घरून हाक यायची. आपण फार संयमी होतो असं मला वाटत नाही. आपल्याला थांबवणाऱ्या गोष्टी बाहेर होत्या.

फोनमध्ये हा शेवटच काढून टाकलेला आहे, आणि तो मुद्दाम काढलेला आहे. पूर्वी संगणकावर एक पान संपलं की 'पुढचे पान' असं बटण दाबावं लागे. २००६ साली अमेरिकेत एझा रास्किन नावाच्या तरुणाने बोट सरकवत राहिलं की मजकूर आपोआप येत राहील अशी रचना तयार केली. ती पुढे सगळ्यांनी उचलली. पुढे या माणसाने आपल्याच कामाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. २००९ साली फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं. आपण टाकलेला फोटो किती जणांना आवडला याचा आकडा सगळ्यांना दिसू लागला. चाळिशीतल्या माणसालाही हा आकडा बघावासा वाटतो. चौदा वर्षांच्या मुलीचं तर त्या वयात सगळं लक्ष मैत्रिणी आपल्याबद्दल काय म्हणतात याकडेच असतं.

यामागचं शास्त्र अवघड नाही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोचीने कळ दाबली की दाणा मिळतो, अशी पेटी होती. दाणा ठरलेल्या हिशेबाने मिळाला तर कबूतर मधे थांबतं. पण कधी मिळेल आणि कधी नाही याचा नेम नसेल, तर ते कळ दाबतच राहतं. आपल्याकडे यासाठी कबुतरांची गरज नाही. मटक्याचा आकडा लावणारी माणसं आपण बालपणापासून पाहिली आहेत. आकडा कधीच लागला नसता तर माणूस चार दिवसांत कंटाळला असता. तो कधीतरी लागतो, म्हणून तो रोज जातो. रीलचंही तसंच. दहा रील टुकार असतात, अकरावं मजेदार निघतं, आणि पुढचं त्याहून मजेदार असेल म्हणून बोट सरकत राहतं. त्यात किशोरवयात मेंदूचा उत्साहाचा, मजेचा भाग जोरात असतो आणि 'आता पुरे' म्हणणारा भाग पिकायला विशीचा मध्य उजाडतो. हे मी मुलांना शरीरशास्त्राच्या धड्याबरोबर शिकवते. ती ऐकतात, माना डोलावतात, आणि घरी जाऊन पुन्हा फोन घेतात. समजलं म्हणून सुटत नाही, हे मोठ्यांच्या तंबाखूवरून आपल्याला माहीत आहेच.

आता हा फोन आपल्या लेकरांच्या हाती कसा आला ते बघा. आज पंधरा वर्षांचं असलेलं मूल २०१० च्या आसपास जन्मलं. ते पहिलीत जाण्याच्या वयाचं असताना, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट जवळजवळ फुकट झालं. ते नऊ-दहा वर्षांचं असताना, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळेनेच सांगितलं, फोन घ्या, अभ्यास त्यावर येईल. ज्या घरात फोन नव्हता तिथे शेळी विकून, उधारी करून फोन आले. त्याच वर्षी २९ जूनला केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि ती जागा भरायला जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात आले. म्हणजे मुलं घरात कोंडलेली, शाळा बंद, हातात नवा फोन, आणि त्या फोनवर अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंचा न संपणारा रतीब. हे सगळं एकाच वर्षात घडलं. शाळा उघडल्या, पण फोन परत गेला नाही. आजही बहुतेक शाळांचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवरच येतो. त्यामुळे एखादी आई मला म्हणते, "बाई, तुम्हीच लावलं की हो हे," तेव्हा तिचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही.

'असर' या संस्थेचा २०२४ चा ग्रामीण भारताचा अहवाल आहे. १४ ते १६ वयाच्या मुलांमध्ये साधारण ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. शहरातल्या मुलांचे नव्हेत, खेड्यातल्या मुलांचे हे आकडे आहेत. आता 'आमच्या गावाकडे तसलं काही नाही' असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

मला वर्गात काय दिसतं, ते नावं न घेता सांगते.

नववीतला एक मुलगा आहे. डोकं चांगलं, गणितात पुढे. दिवाळीनंतर तो पहिल्या दोन तासांना बसल्या बसल्या झोपू लागला. वडील पुण्यात गाडी चालवतात, आई दिवसभर रोजंदारीवर. रात्री आई थकून नऊला झोपते आणि हा पांघरुणात दोन-दोन वाजेपर्यंत जागा. चौकशी केली तर म्हणाला, "बाई, मी ठरवतो बंद करायचं, पण एक अजून, एक अजून करताना वेळच कळत नाही." तो खोटं बोलत नव्हता.

दुसरी मुलं आपल्या जिल्ह्याची खास. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुलं आजी-आजोबांकडे राहतात. आईचा आवाज ऐकायचा तो फोनवरच, तोही तिचं दिवसभराचं काम आटोपल्यावर. अशा मुलाला सरसकट 'फोन बाजूला ठेव' म्हणणं म्हणजे आईला बाजूला ठेव म्हणण्यासारखं आहे. त्याच फोनवर आई आहे आणि त्याच फोनवर रीलही आहे. म्हणून मुंबई-पुण्याच्या पुस्तकांतले उपाय आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इथे एक सावधगिरी. आपण पटकन 'व्यसन' म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, ऑनलाइन खेळांच्या अतिरेकाला विकार म्हणून जागा दिली. समाजमाध्यमांच्या अतिरेकाला अजून तसं वेगळं नाव दिलेलं नाही. म्हणून दोन तास फोन बघणाऱ्या प्रत्येक पोराला व्यसनी म्हणू नका. त्याला ते लागतं, आणि मग ते काहीच सांगेनासं होतं. मी पालकांना एवढंच विचारते: झोप मोडली का? जेवताना फोन लागतोच का? आधी आवडणारा खेळ, मित्र सुटले का? फोन काढून घेतल्यावर रुसवा होतो की तोडफोड होते? लपवाछपवी सुरू झाली का? वर्गातले गुण एकदम घसरले का? यातल्या तीन-चार गोष्टी एकत्र, आणि आठवडे उलटले तरी तशाच दिसल्या, तर ते मूल अडकलं आहे. त्याला मदत लागेल, आणि ती मिळते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळी बाह्यरुग्ण सेवा आहे. तेवढ्या लांब जायची गरज नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर उभी राहिले, ती सांगते. मैत्रिणींनो, ही विशेष आपल्यासाठी.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. गाव सांगणार नाही. घरच्या फोनवर तिने गुपचूप खातं उघडलं होतं. कोणीतरी ओळख काढली, गोड बोललं, आपण पुण्यातल्या कॉलेजात आहोत म्हणालं. तिने दोन-तीन फोटो पाठवले. साधेच फोटो. त्या माणसाने त्यांत बदल करून घाण फोटो बनवले आणि आणखी फोटो मागायला सुरुवात केली, नाहीतर हे गावभर पाठवीन म्हणाला. ती मुलगी तीन आठवडे एकटी हे सहन करत होती. जेवत नव्हती. शेवटी प्रयोगवहीच्या मागच्या पानावर तिने मला चार ओळी लिहिल्या.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, घरी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "बाई, घरी कळलं तर शाळा बंद करतील आणि लग्न लावतील."

तिला त्या माणसाची जितकी भीती होती, त्याहून जास्त भीती घराची होती. आणि ती भीती खोटी नव्हती. वडिलांना शाळेत बोलावलं तेव्हा तिचे चुलतेही आले. ते माझ्यासमोरच म्हणाले, "स्थळ बघायला घ्या आता." मुलीचं वय पंधरा. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आपल्या भागात ही लग्नं होतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीच्या हातात फोन सापडणं हे त्याचं एक नवं कारण झालं आहे.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परीक्षा होऊ द्या." तीनच शब्द. त्यानंतर आम्ही पोलिसांत गेलो, महिला कर्मचारी नीट बोलल्या, फोटो मागणारा माणूस सापडला. तो पुण्यातला नव्हता आणि कॉलेजातलाही नव्हता. मुलीने परीक्षा दिली, ती आता बारावीला आहे. पण मला तेव्हापासून एकच वाटतं, की त्या वडिलांनी ते तीन शब्द म्हटले नसते तर? आणि मुलीला आधीपासून खात्री असती की ते असंच म्हणतील, तर ती तीन आठवडे जळत बसली असती का?

म्हणून फोनबद्दल घरात कोणताही नियम करा, पण त्याआधी मुलीला एक शब्द द्या: काहीही झालं तरी तुझी शाळा बंद होणार नाही. मुलालाही सांगा, काहीही झालं तरी आधी आमच्याकडे ये. हा शब्द नसेल तर बाकीचे सगळे नियम लपवायला शिकवतात. असं काही घडलंच तर मजकूर पुसू नका, पैसे देऊ नका, मुलांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक आहेत. हे क्रमांक आत्ताच फोनमध्ये लिहून ठेवा. फोनचा हा चांगला उपयोग.

मग उपाय काय? मला आशा वाटावी अशा दोन-तीन गोष्टी महाराष्ट्रातल्या गावांनीच केल्या आहेत, आणि त्यातली एक आपल्याच जिल्ह्यातली आहे. उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीने ठरवलं की संध्याकाळी सहा वाजता गावात भोंगा वाजेल आणि आठ वाजेपर्यंत घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला बसतील. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, साधारण तीन हजार वस्तीचं. तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत फोन आणि टीव्ही बंद. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा लोक हसले होते. मग ग्रामसभेत बायकांनी ती उचलून धरली. अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने दुसरी वाट धरली. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी, आणि मोडल्यास दंड. त्यांची कळकळ मला समजते. पण निवडायचं असेल तर मी भोंग्याच्या बाजूने आहे. त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं, भोंगा सगळ्यांना आहे. बापाने खाटेवर पडून रील बघायचे आणि पोराला म्हणायचं अभ्यास कर, हे तिथे चालत नाही. दुसरं, आपल्या मुलांची सगळ्यात मोठी तक्रार असते की 'सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही?' एकटी आई या वाक्यापुढे हरते. पण सगळं गाव एका वेळी फोन ठेवतं तेव्हा त्या दीड-दोन तासांत मुलाचं काहीच चुकत नाही, कारण पलीकडेही कोणी नसतं. तिसरं, त्या वेळेला शेवट आहे. साडेआठला पुन्हा फोन मिळणार हे माहीत असलं की वाट पाहता येते. मघाशी मी म्हटलं की आपल्याला थांबवणाऱ्या गोष्टी बाहेर होत्या. या गावांनी तशी एक गोष्ट पुन्हा बाहेर उभी केली.

सरकारनेही काही करायला हवं, यात शंका नाही. २०२१ मध्ये फेसबुकमधल्याच फ्रान्सिस हॉगन या बाईंनी कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर काढली. इन्स्टाग्राममुळे अनेक किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल अधिक वाईट वाटू लागतं, हे कंपनीच्या स्वतःच्या पाहणीत आलं होतं. ऑस्ट्रेलियाने कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती बंद करायला लावली आहेत. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची खात्रीशीर संमती लागेल, त्यांचा माग काढून जाहिराती दाखवता येणार नाहीत, अशी तरतूद आहे. त्याचे नियम नुकतेच, नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि पूर्ण अंमलाला आणखी वेळ आहे. कायदा यावाच. पण आज नववीत असलेलं पोर तोपर्यंत दहावी पास होऊन गेलेलं असेल.

म्हणून जे आपल्या हातात आहे ते सांगते. यातलं काहीही खर्चाचं नाही.

फोनला घरात रात्रीची एक जागा ठरवा. देवघराजवळ, फडताळावर, कुठेही, पण अंथरुणात नाही. आई-वडिलांचाही फोन तिथेच. 'गजर लावायला लागतो' हे कारण मुलं हमखास देतात. तालुक्याच्या बाजारात गजराचं घड्याळ मिळतं, ते आणा. मूल खातं उघडणारच असेल तर जन्मतारीख खरी टाकायला लावा. इन्स्टाग्रामवर आता किशोरवयीन मुलांची खाती आपोआप खासगी होतात आणि रात्री सूचना बंद राहतात, पण मुलाने आपलं वय पंचवीस लिहिलं तर त्याचा काय उपयोग? शिक्षक मित्रांनो, आपणही गृहपाठ फळ्यावर लिहू, वहीत उतरवून घेऊ. फोन हाती घ्यायला शाळा हे निमित्त राहता कामा नये.

आणि नुसतं काढून घेऊ नका, त्या जागी काहीतरी द्या. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत मुलाने फोन ठेवला तर त्याने जायचं कुठे? आपल्या जिल्ह्याला खो-खोचं वेड आहे. भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे इथलीच. अशी खेळाडू घडायला संध्याकाळी मैदान लागतं, आणि मैदानावर उभा राहणारा एक मोठा माणूस लागतो. आज आपल्या शाळेचं मैदान पाच वाजता कुलूपबंद होतं. वाचनालयाची कपाटं तर मी सकाळी उघडायला लावली, तेव्हा किल्ली शोधायलाच अर्धा तास गेला.

आपल्या तुकडीला गावाने एकत्र येऊन काय करता येतं, हे कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आपण नववीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. त्यानंतरचे महिने आपण पत्र्याच्या शेडमध्ये शिकलो. कोणाचं घर गेलं होतं, कोणाची माणसं. पण त्या थंडीत एकही मूल संध्याकाळी एकटं बसलेलं मला आठवत नाही. कंदिलाच्या उजेडात आपले हेच गुरुजी, याच बाई आपल्याला घेऊन बसायच्या. त्यांच्या स्वतःच्या घरांना तडे गेले होते, तरी बसायच्या. ते दुःख फार मोठं होतं आणि आजच्या या अडचणीशी त्याची बरोबरी करायची नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की संध्याकाळी लेकरांजवळ कोणीतरी मोठं माणूस बसलेलं असणं, हे त्या वर्षी आपल्याला सावरणारं होतं. आज घरात सगळे असतात, चौघे चार फोनवर.

म्हणून माझी सूचना ऐका. स्नेहमेळाव्याच्या वर्गणीतून काही रक्कम शिल्लक राहणार आहे, असं खजिनदार सांगत होते. तिची कमान नको, कोनशिला नको. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे, त्यांची तयारी आहे. शाळेच्या दोन खोल्या आणि वाचनालय सोमवार ते शनिवार सहा ते आठ उघडं ठेवायचं. मैदानावर दोन दिवे लावायचे. दारात फोन ठेवायला एक लाकडी कप्पा करायचा, त्यात मुलांचेही फोन आणि आपलेही. ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला गेले आहेत त्यांना ठरलेल्या वेळी घरी बोलता यावं म्हणून एक साधा, बटणांचा फोन खोलीत राहील. तुकडीतले सोळा जण आजही गावात किंवा दहा किलोमीटरच्या आत राहतात, मी मोजले आहेत. प्रत्येकाने महिन्यातून दोन संध्याकाळी यायचं. शिकवता येत नसेल तरी चालेल, नुसतं बसायचं. मी शनिवार घेते. लांबच्यांनी पुस्तकं पाठवा, विजेचं बिल वाटून घ्या.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर शंभर पानी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर वारांची नावं लिहिली आहेत. जेवणाला जाण्याआधी आपापलं नाव आणि वार लिहून जा. सर, बाई, तुम्हालाही एखादा वार हवा असेल तर जागा राखून ठेवली आहे.